आबांनी आणलेली जागा

चुनीलाल आबांची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली. मी भांडखोर आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला वाटायला नको की एखादी गरीब गाय आपल्या उपकारकर्त्याचं गुणगान करायला बसली आहे.

आमचं गाव तापीकाठी, शहाद्यापासून फार लांब नाही. नदीतून मोटारीनं पाणी उचलायचं, पाइपानं वावरावावरांत न्यायचं आणि पाळीपाळीनं वाटायचं, यासाठी गावात उपसा सिंचनाची सहकारी संस्था आहे. केळी, पपई, ऊस, जे काही हिरवं दिसतं ते या मोटारीच्या जिवावर. आबा त्या संस्थेचे चेअरमन होते. किती वर्षं, ते त्यांनाही नीट सांगता येत नाही.

माझे यजमान भूपेंद्र कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात आमची पाण्याची पाळी दोनदा चुकली. बाईमाणूस आहे, काय बोलणार, असं व्हॉल्व सोडणाऱ्याला वाटलं असावं. मी पदर खोचला आणि पंपहाऊसवर गेले. आबा बाजेवर बसून शेंगा खात होते. मी जे तोंड सोडलं ते सोडलंच. माझं माहेर लोणखेड्याचं, कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळालेलं. ते सगळं शिक्षण त्या दिवशी कामाला आलं. आबांचा उजवा कान अधू आहे. त्यांनी शांतपणे डावा कान माझ्याकडे केला आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग चप्पल घातली, माझ्याबरोबर भर उन्हात चालत आले, स्वतःच्या हातानं व्हॉल्व फिरवला आणि जाताना म्हणाले की परत पाळी चुकली तर परत यायचं, लाजायचं नाही.

मी लाजले नाही. पुढच्या काही वर्षांत मी त्यांच्याशी इतक्या वेळा भांडले की गावात लोक विचारायचे, काय, आज आबांचा नंबर लागला की नाही?

दिसायला आबा म्हणजे वाळलेली शेवग्याची शेंग. डोक्यावर पांढरी टोपी, धोतरावर केळीच्या चिकाचे काळे डाग. संस्थेचा सचिव धर्मेंद्र त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून फिरवतो. धोतरामुळे आबा बायकांसारखे एका बाजूला पाय सोडून बसतात आणि त्याचं त्यांना काही वाटत नाही. एकदा कुणीतरी चिडवलं, तर म्हणाले, अशानं अर्धं गाव तरी नीट दिसतं.

गेल्या हिवाळ्यात संस्थेची निवडणूक लागली. निवडणूक म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे गुलाल आणि जेवणावळी येतील. आमच्याकडे उलटं झालं. कुणी उभंच राहीना. जुन्या मंडळातले काही वारले, काही मुलांकडे सुरतला गेले, उरलेल्यांचे गुडघे गेले. आणि नवे का यावेत? संचालक म्हणजे गावच्या शिव्यांचा धनी. मोटार जळाली, शिव्या. वीज गेली, शिव्या. नदीचं पाणी आटलं तरी शिव्या संचालकालाच. मानधन म्हणाल तर मासिक सभेचा एक चहा.

पण मंडळ कमीत कमी संख्येपर्यंत भरलं नाही, तर संस्थेवर प्रशासक येणार, असं तालुक्याच्या ठिकाणाहून कळवलं होतं. प्रशासक म्हणजे वाईट माणूस असं नाही. पण एका बिचाऱ्याच्या गळ्यात कितीतरी संस्था असतात. भर उन्हाळ्यात मोटार जळाली, तर दुरुस्तीच्या कागदावर त्याची सही होईपर्यंत केळीचे घड मानेतून मोडून खाली पडतात. नदीपलीकडच्या एका गावात हे झालं होतं आणि आबांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. आपण जायच्या आत संस्थेला चालतंबोलतं मंडळ मिळावं, एवढी एकच गोष्ट त्या माणसाला हवी होती. स्वतः ते पुन्हा उभे राहणार नव्हते. म्हातारा खुर्चीवर बसला की जवान बाजेवर झोपतो, असं त्यांचं म्हणणं.

मग आबा संचालक शोधायला निघाले. त्यांची शोधायची तऱ्हा अशी की गाव चाट पडलं. जे त्यांच्याशी गोड बोलत, चेअरमनसाहेब चेअरमनसाहेब करत, त्यांच्या दारावरून मोटारसायकल सरळ पुढे गेली. ती थांबली नवनीतच्या दारात. या नवनीतनं भर सभेत आबांच्या अंगावर व्हॉल्वची चावी फेकली होती. दुसऱ्यांदा थांबली फुलवंताबाईच्या झोपडीपुढे. पाइपलाइनच्या पार शेवटच्या टोकाला या भिल बाईचं थोडंसं वावर आहे. आपल्याकडे पाणी पोहोचेपर्यंत व्हॉल्व बंद करू देणार नाही म्हणून ती एकदा व्हॉल्वच्या चेंबरवर दिवसभर ठाण मांडून बसली होती. धर्मेंद्रनं विचारलं, आबा, तुम्हाला सगळे भांडखोरच का आठवतात? आबांनी सांगितलं की जो भांडायला येतो तो संस्था आपली समजतो. परक्याशी कोण भांडतं?

आणि ते नुसतं विचारत नसत, रीतसर मागणं घालत. त्यांच्या घराण्याची जुनी चाल आहे, मुलीला मागणी घालायला गेलेला माणूस होकार मिळेपर्यंत त्या घरचं पाणी पीत नाही. आबांनी ती चाल संचालकांना लावली. टोपी सरळ करून ओसरीवर बसायचं, आणलेला पाण्याचा तांब्या हातानं दूर करायचा आणि म्हणायचं, तुमच्या घरातून एक माणूस मागायला आलोय. लोक आधी हसत, मग गांगरत. तहानलेल्या म्हाताऱ्याला किती वेळ बसवून ठेवणार? नवनीत तर तांब्याकडे बघूनच विरघळला म्हणे.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या दुपारी हिशेब असा होता की मंडळ बसायला एक माणूस कमी होतं. महिला राखीवमधली एक जागा रिकामी होती. पूर्वी ती नावापुरती भरत. बाईचं नाव, नवऱ्याची सही, आणि बाईला पत्ताही नाही. यंदा तसं करायचं नाही असं आबांनी ठरवलं होतं. सभासद असलेली, वावर स्वतःच्या नावावर असलेली आणि स्वतः येऊन बसेल अशी बाई हवी होती. भूपेंद्र गेल्यावर माझ्या सासूबाईंनी, शांतीबाईंनी, वावर माझ्या नावावर केलेलं होतं. आबा आमच्या घरी आले.

मी चुलीपाशी दादर ज्वारीच्या भाकरी थापत होते. माझी मुलगी रोशनी शाळेत गेली होती. आत्या, म्हणजे सासूबाई, ओसरीवर लाल मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या. मोटारसायकल थांबली, आत्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि मला पाणी आणायला हाक मारली. मी तांब्या नेऊन ठेवला आणि आत आले. आबांनी तांब्या दूर केला. मला आतून ते दिसलं आणि मी दाराआड उभी राहिले. ऐकायला उभी राहिले हे कबूल आहे.

आता आत्यांच्या बाजूनंही विचार करायला हवा. संस्था हे पुरुषांचं काम. ज्या घरात पुरुष उरला नाही, त्या घरात चेअरमन कशाला येईल? त्यात आबांचा नवापूरकडचा एक भाचा बिजवर होता आणि त्याच्यासाठी बघाबघी चालली आहे हे बायकांत माहीत होतं. आणि समोर आबा पाणी न पिता टोपी सरळ करून बसलेले. तेवढ्यात ते बोलले.

"शांतीबाई, एक जागा शे. प्रतिभासाठे. तुम्ही हा म्हना, मंगच पानी पिसू."

प्रतिभा म्हणजे मी, आणि आमच्याकडे लग्नाच्या स्थळाला जागाच म्हणतात.

आत्यांचा हात मिरच्यांत थांबला.   दाराआड मलाही वाटलं, आबांनी स्थळच आणलंय, खोटं कशाला सांगू. बाहेर जाऊन आबांना चार शब्द सुनवावेत असं मनात आलं, पण आत्या काय म्हणतात ते आधी ऐकायचं होतं.

मग आत्यांनी विचारलं, "तठला मानसं कसा शेतस?"

आबा म्हणाले की माणसं बहुतेक म्हातारी आहेत, बोलायला तिखट, पण मनात पाप नाही. आत्यांनी 'म्हातारी' हा शब्द गिळला. मग विचारलं की तिला तिथे त्रास तर होणार नाही ना.

"तरास व्हई. खोटं काबरं सांगू?" आबा म्हणाले. "पन ती दबाव नही. दबनारी ऱ्हाती तं मी उनूच नसतू."

धर्मेंद्र मोटारसायकलला टेकून मोबाइल बघत होता. त्याला यातलं काही कळत नव्हतं. आत्यांनी मिरच्यांचं सूप बाजूला सारलं, पदरानं हात पुसले आणि आबांकडे न बघता बोलायला लागल्या. माझं लग्न होऊन मी या घरात आल्यापासून आत्या एका दमात इतकं कधी बोलल्या नव्हत्या. आमचं दोघींचं बोलणं म्हणजे दूध आलं का, मजूर किती, रोशनीनं डबा संपवला का. त्या चिडत नसत, लाड करत नसत. त्यांचा एकुलता एक मुलगा गेला होता, आणि मी शेजारी असूनही त्यांना दिसते की नाही, असा मला कधीकधी प्रश्न पडायचा.

"आबा, भूपेंद्र गया तव्हय लोके माले म्हनेत, वावर वहूना नाववर करू नको, उद्या ती निंघी जाई. मी म्हनं, जाई तं जावो. तिन्हं वय काय शे? तिले मी कधी तोंडवर सांगं नही, पन ती शे म्हनीसन मी जित्ती शे. सकायले तिन्हा बांगड्यास्ना आवाज येस, मंग माले उठाले जीव व्हस. तुम्ही चांगली जागा लई उनात, मी आडवी येवाव नही. लई जा. पोरले बी लई जा, मायबिगर पोर नको. फक्त दिवाईले चार दिन धाडज्यात."

मी दाराच्या चौकटीला धरून खाली बसले. तव्यावरची भाकरी जळाली. वास सगळ्यांनाच आला असेल. मला रडू आलं आणि ते मी तोंडात पदर कोंबून दाबलं. माझ्याबद्दल कुणी असं बोलेल, आणि तेही त्या, हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आबांनी घसा खाकरला. चेहरा अगदी सरळ ठेवून म्हणाले, "जास्त नही, शांतीबाई. पाच वरीसनी मुदत शे."

"पाच वरीस?" आत्यांनी झटकन मान वर केली. "मन्ही वहू काय तुम्हले भाडानी मोटार वाटनी का?"

आता धर्मेंद्रच्या डोक्यात उजेड पडला. तो मोबाइल खिशात घालून धावत आला आणि सांगू लागला, काकू, संचालकाची जागा आहे, संस्थेची, महिला राखीव. तो जसजसा समजावू लागला तसतशा आत्या लाल होऊ लागल्या. मिरच्यांचं सूप त्यांनी आधीच बाजूला सारलं होतं म्हणून बरं, नाहीतर धर्मेंद्रच्या दिशेनं काय गेलं असतं सांगता येत नाही. मग त्यांनी आबांना धारेवर धरलं. म्हणाल्या की नांदायला पाठवली असती, तिथे निदान तिचा संसार झाला असता. गावच्या शिव्या खायला पाठवणार नाही. घरात पुरुष नाही म्हणून आमच्या पोरीला कुणी चव्हाट्यावर उभं करावं, असं नाही. उठा.

आबांनी वाद घातला नाही. फक्त एवढं सांगितलं की उद्या अर्ज भरायची मुदत संपते आणि एक माणूस कमी आहे. प्रशासक आला तर येईल, ज्याच्या नशिबात जे असेल ते. गुडघ्यावर हात देऊन ते उठले. दुपारचं ऊन होतं, ओठ सुकले होते, पण तांब्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. पायरी उतरून गेले. धर्मेंद्रनं किक मारली. आबा नेहमीसारखे एका बाजूला पाय सोडून मागे बसले.

मी आत तशीच बसून होते. बाहेर जाऊन हो म्हणावंसं वाटत होतं. पण जिनं आत्ताच मला पोरीसकट देऊन टाकलं होतं, तिचा शब्द मोडायचं धाडस माझ्यात नव्हतं. जगाशी भांडणारी मी, त्या क्षणी मला आत्यांशी भांडता येईना.

मोटारसायकल वळणार तेवढ्यात आत्यांची हाक ऐकू आली. त्या पायरीवर येऊन उभ्या होत्या.

"आबा, थांबा. आत्तेच मी तिले आख्खी देई टाकी व्हती. आते महिनामा एक दिन देवाले मन्हं काय जाई ऱ्हायनं? पन तिले इचारा. ती काय म्हनस ते."

मी बाहेर आले. डोळे सुजलेले होते, नाकाचा शेंडा लाल होता, जळक्या भाकरीचा वास अंगाला होता. होणाऱ्या संचालिकेचं हे पहिलं दर्शन. मी आबांना म्हटलं की मी सहीपुरती येणार नाही, भांडायला येईन. ते म्हणाले, त्यासाठीच तर आलो. मग तो तांब्या त्यांनी उचलला आणि वरून धार धरून शेवटच्या थेंबापर्यंत पाणी प्यायले.

निवडणूक बिनविरोध झाली. होणारच होती, विरोधाला माणूस कुठून आणायचा? मंडळ बसलं, प्रशासक टळला. नवनीत चेअरमन झाला. माझी आणि त्याची दर सभेत खडाजंगी होते. फुलवंताबाई आम्हा दोघांना गप्प करते आणि शेवटच्या टोकाला पाणी पोहोचलं का, एवढंच विचारते. उन्हाळ्यात मोटार जळाली तेव्हा आम्ही त्याच दुपारी सभा घेतली आणि केळी वाचली. शिव्या पुष्कळ पडल्या. त्या दिवशी घरी आल्यावर आत्यांनी माझ्या डोक्यावर तेल घातलं. पूर्वी कधी घातलं नव्हतं.

पण मी त्यांना हे सांगितलं नव्हतं की दाराआडून मी सगळं ऐकलं होतं. मी फक्त शेवटची हाक ऐकून बाहेर आले, असंच त्या समजत होत्या. मलाही कसं सांगावं ते सुचत नव्हतं. ऐकलंय म्हटलं तर त्या संकोचतील, असं वाटायचं.

परवा संस्थेच्या ऑफिसात काम होतं. आबा आता नुसते सभासद आहेत, तरी बाहेरच्या बाकावर येऊन बसतात. मी त्यांच्याजवळ बसले. मनात बरेच दिवस होतं ते विचारलं. आबा, तुम्ही त्या दिवशी जागा म्हणालात आणि आत्यांचा घोटाळा झाला, तो तुम्हाला कधी कळला? तुमचा कान अधू, म्हणून शेवटपर्यंत कळलं नाही का?

आबा हसले. "माले तं दुसरा शबदमाच समजनं."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत? त्यांनी नाही म्हटलं असतं तर? एक माणूस कमी पडला असता. सगळी संस्था गेली असती.

 त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग डावा कान नव्हे, तोंडच माझ्याकडे वळवून म्हणाले, "तू दारमांगे उभी व्हती, माले तुन्ही सावली दिखी ऱ्हायंती. मन्ही माय बी अशीच व्हती. मन्ही बायकोनं नाव ती जगले चांगलं सांगे, पन तिले कधी सांगं नही. बायको माले म्हने, सासूले मी आवडत नही. दोन्ही मरी गयात, पन ते तिन्हा कानवर गयंच नही. प्रशासक काय, आज उना तं उद्या जाई. शांतीबाई ते परत कव्हय बोलती?"

 त्यांच्या आयुष्यभराच्या कामाला एक माणूस कमी होतं, मुदतीला एक दिवस उरला होता, आणि हा म्हातारा तहानलेला बसून राहिला, कारण एका बाईचं बोलणं दुसरीच्या कानावर जात होतं. मी त्यांच्या पाया पडले. ते म्हणाले की ऑफिसच्या दारात संचालकांनी कुणाच्या पाया पडायचं नसतं, लोक काय म्हणतील.

मी तिथून तडक घरी आले. आत्या ओसरीवर होत्या. त्यांच्यासमोर बसून मी सांगितलं की त्या दिवशी मी दाराआड होते, बांगड्यांचं ऐकलं, दिवाळीचं ऐकलं, सगळं ऐकलं. आबांना माझी सावली दिसत होती आणि म्हणूनच त्यांनी तो घोटाळा चालू दिला, हेही सांगितलं. आणि त्या आहेत म्हणून मीसुद्धा उभी आहे, हेही. आत्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग म्हणाल्या, "आबाले उद्या जेवाले बोलाव."